बिनश्वासाची सिंफनी

ड्वेन हाउग्सरुडच्या तळघरात शंभरेक वादक राहतात, हे नॉर्डलेक गावाला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायचं काही कारणही नव्हतं. ते वादक जेवायला मागत नसत, फाटकासमोर गाड्या लावत नसत, आणि कॉफीच्या वेळी एकमेकांची उणीदुणीही काढत नसत. एका बाजूला घर तापवणारी भट्टी, दुसऱ्या बाजूला हरणाच्या मांसाने भरलेला फ्रीझर, आणि या दोहोंच्या मध्ये एक कॉम्प्युटर. त्यात ते सगळे निमूट बसून असत. ड्वेनने समोरच्या पियानोसारख्या पट्टीवर एक बोट ठेवलं की व्हायोलिनं रडायला लागत, दुसरं ठेवलं की ढोल गडगडत. तिसरं बोट तो सहसा वापरत नसे. त्याला तेवढं येत नव्हतं.

दिवसभर तो काउंटीच्या कचेरीत गाड्यांच्या नंबरप्लेटच्या खिडकीमागे बसे, आणि ज्यांच्याकडे एखादा कागद कमी असेल त्यांना अतिशय गोड आवाजात परत पाठवी. अशा माणसाला घरी आल्यावर आपल्या इशाऱ्यावर नाचणारा शंभर माणसांचा ताफा असावासा वाटला, तर त्यात गैर काय?

गैर एवढंच होतं, की वरच्या मजल्यावर त्याची बायको खरी वादक होती. लिनेट लग्नाच्या आधीपासून गावच्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवायची. काळ्या लाकडाचं, तोंडाने फुंकायचं, हिवाळ्यात तडकू नये म्हणून लोकरीत गुंडाळून ठेवायचं क्लॅरिनेट. ती तळघरात यायची ती गोठवलेले मटार न्यायला. मटार घेताना पाठमोरी विचारायची, "चाललंय का तुझं?" तो म्हणायचा, "चाललंय." ती जिना चढून जायची. एकदाच त्याने धीर करून तिच्या कानांना हेडफोन लावून दिला होता. तिने थोडं ऐकलं, हेडफोन काढून नीट जागेवर ठेवला आणि म्हणाली, "वेगळंच आहे."

परक्या माणसाला यात काही खुपणार नाही. पण अमेरिकेच्या या कोपऱ्यात, मिनेसोटात, "वेगळंच आहे" हे शब्द माणूस सासूच्या नव्या टोपीबद्दल किंवा करपलेल्या हॉटडिशबद्दल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या मांस-बटाट्याच्या पदार्थाबद्दल, वापरतो. त्यापुढची पायरी म्हणजे घटस्फोट. ड्वेनने तो घाव मुकाट्याने गिळला. पण तेव्हापासून त्याच्या मनात एकच गोष्ट होती: लिनेटने आपली सिंफनी एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बसून ऐकावी. वाहवा नको. नुसतं बसावं.

तोवर वाहवेची सोय इंटरनेटवर होती. घरच्या घरी ऑर्केस्ट्रा बनवणाऱ्यांची एक साइट होती. जगभरचे दंतवैद्य, शाळेचे शिपाई, पेन्शनीत निघालेले पोस्टमास्तर तिथे आपापल्या सिंफन्या आणून ठेवत. नियम असा, की आपली एक टाकण्याआधी दुसऱ्यांच्या तीन ऐकायच्या आणि खाली चार बरे शब्द लिहायचे. ऐकल्याशिवाय लिहिता येत असे, हे जाणत्यांना ठाऊक होतं. मॅनिटोबातला बॉब नावाचा गृहस्थ ड्वेनचा खास चाहता. ड्वेनने 'हिमनदीची सिंफनी' टाकली तेव्हा त्याने लिहिलं, "दादा, मधला तो ट्युबाचा खोल सूर! संपतच नाही! अंगावर काटा आला!"

त्या सुराची हकिकत अशी, की तो चालू असताना दारात कुत्रं ओरडायला लागलं. ड्वेनने सूर तुटू नये म्हणून पट्टीवर हेरिंग माशाच्या लोणच्याची बरणी ठेवली, वर जाऊन कुत्र्याला बाहेर काढलं, त्याचं आटोपेपर्यंत दारात उभा राहिला, आणि खाली येऊन बरणी उचलली. मग ऐकताना त्याला वाटलं, अरे वा. कलेत अशा गोष्टी आपोआप घडतात.

इथवर सगळं झाकलेलं होतं. झाकण उडालं ते रविवारी चर्चमध्ये, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला.

कॉर्लिसबाई म्हणजे ऑर्केस्ट्राच्या संचालिका, आयुष्य शाळेच्या बँडला वळण लावण्यात गेलेलं. त्या हातात कप घेऊन थेट ड्वेनपाशी आल्या. "ड्वेन, तुझी सिंफनी ऐकली मी. व्हर्लिनने पाठवली."

ड्वेनच्या हातातली लिंबाची वडी हातातच राहिली. व्हर्लिन हा त्याचा शेजारी आणि ऑर्केस्ट्राचा ट्युबावाला, म्हणजे पितळेचा अजस्र भोंगा फुंकणारा. तो मागे उभा राहून असा हसत होता, की जणू ड्वेनला मुलगा झाल्याची बातमी त्यानेच फोडली.

"हिवाळाभर तुझ्या खिडकीच्या जाळीतून ऐकतोय लेका," व्हर्लिन म्हणाला. "नाव टाकून शोधलं, सापडली."

"वसंतातल्या मैफलीत आम्ही वाजवू म्हणते," बाई म्हणाल्या.

"छे छे, कशाला तुम्हाला त्रास," ड्वेन म्हणाला.

"त्रास कसला!"

"नको खरंच. तसं काही नाही त्यात."

आता इथे नॉर्डलेकची रीत आडवी आली. या गावात कुठलीही गोष्ट दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची, मग ती कॉफी असो की किडनी. ड्वेनचे दोन्ही नकार मनापासूनचे होते, पण ते रीतीचे म्हणून खर्ची पडले. बाईंनी तिसऱ्यांदा "अरे, वाजवू दे की" म्हटलं तेव्हा घाबरून त्याने लिंबाची वडी तोंडात घातली होती. तो काही बोलला नाही. ठरलं.

त्याने लिनेटकडे पाहिलं. ती दुसऱ्या टेबलाशी कप विसळत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याला त्या चेहऱ्याची भीती सगळ्यात जास्त वाटे.

मग सुरू झाली कागदांची कथा. कॉम्प्युटरातल्या वादकांना कागद लागत नाही, माणसांना लागतो, हे ड्वेनच्या ध्यानातच नव्हतं. प्रत्येक वाद्याचे सूर छापून हवेत म्हटल्यावर त्याने बटण दाबलं. कॉम्प्युटरने त्याच्या बोटांची प्रत्येक चूकभूल, प्रत्येक अडखळ जशीच्या तशी लिहून काढली. पानांवर सुरांऐवजी मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं. बाईंनी पान उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, आणि म्हणाल्या, "ड्वेन, वाईट वाटून घेऊ नको हं, पण एवढं जरा नीट करून आणतोस?" अगदी त्याच्याच खिडकीतला आवाज! नीट करून आणलं तर चर्चच्या मंडळाने विचारलं, हिमनदी धार्मिक आहे का? नसेल तर सभागृहाचा वेगळा ठराव लागेल. ड्वेनने हिमनदी देवानेच केली असं सांगून बघितलं. मंडळाने ते विचारार्थ ठेवलं.

त्यातच सिंफनीला आठ फ्रेंच हॉर्न लागत होते आणि गावात एक होता.

"आठ कशाला?" व्हर्लिनने विचारलं.

"कॉम्प्युटरमध्ये आठांना एकाएवढेच पैसे पडतात," ड्वेन म्हणाला.

"माझ्या मेव्हण्याकडे शिकारीचा कर्णा आहे. एकच सूर निघतो, पण मोठा निघतो. सांगू त्याला?"

असे सल्ले रोज येत. हार्पच्या जागी अकॉर्डियन चालेल. व्हायोला नसल्या तर कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटी हॉटडिशचं जेवण ठेवलं तर लोक शेवटपर्यंत थांबतात. ड्वेन प्रत्येकाला "बघतो" म्हणे. त्याचा अभिमान रोज थोडाथोडा झिजत होता, पण आतून त्याला गुदगुल्याही होत होत्या. कारण मधला सगळ्यात लांबलचक एकट्याने वाजवायचा भाग क्लॅरिनेटचा होता, आणि बाईंनी तो लिनेटला दिला होता.

पहिली तालीम. ड्वेन मागच्या बाकावर, मांडीवर टोपी.

सुरुवात बरी झाली. मग बासऱ्या सुरू झाल्या आणि थांबेनात, कारण थांबायचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या दोघींचे चेहरे आधी गुलाबी, मग बिटासारखे झाले. एकीने डोळे मिटले आणि ती हळूच शेजारणीच्या खांद्यावर कलंडली. शेजारीण वाजवत राहिली. व्हर्लिनचा सूर आला. तो वाजला, वाजला, मग त्याला कापरं भरलं, मग व्हर्लिनच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या आणि ट्युबातून म्हशीने उसासा टाकावा तसा आवाज येऊन सूर मेला. व्हर्लिनने घाईघाईने श्वास घेऊन तो पुन्हा धरला आणि चोरी पकडली गेल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. मग लिनेट. तिचे खांदे वर चढत गेले, डोळे पाण्याने भरले, सूर काडीसारखा बारीक झाला आणि तुटला.

शेवटी सगळं थांबलं. खोलीत फक्त धापा. ड्वेनला वाटलं, आता कुणीतरी उठून बोलेल, निदान शिवी तरी देईल!

"इंटरेस्टिंग," बाई म्हणाल्या.

"हो, हो," मागून कुणीतरी धापत म्हणालं. "भरपूर सूर आहेत."

परतताना गाडीत लिनेट खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "थंडी वाढली." ड्वेन म्हणाला, "वाढली." घर आलं.

पुढचे काही आठवडे नॉर्डलेकमध्ये कुणी काही बोललं नाही, पण विलक्षण गोष्टी दिसू लागल्या. बासरीवाल्या दोघी पोहण्याच्या तलावात तोंड बुडवून बसायला लागल्या. शिकारीचा कर्णावाला मेव्हणा सिगारेट सोडून आधी चिडका आणि मग धार्मिक झाला. लिनेट न्हाणीघराचं दार लावून सराव करी. आत तोच तो सूर चढे, चढे, तुटे. मग बराच वेळ नळ वाहत राही. ड्वेन दाराबाहेर उभा राही आणि पावलं न वाजवता परत खाली जाई. ही माणसं माझ्या कलेसाठी किती झटताहेत, असं त्याला वाटे. खरंच वाटे! माणूस आंधळा असतो तो असा.

एका सकाळी व्हर्लिन बर्फ उपसायचं फावडं टेकवून कुंपणाशी उभा राहिला. "डॉक्टरकडे जाऊन आलो."

"काय झालं?" ड्वेनने घाबरून विचारलं.

"फोटो काढले फुप्फुसांचे. नळीत फुंकायला लावलं. डॉक्टर म्हणाला, व्हर्लिन, तुझी फुप्फुसं घोड्याची आहेत."

"अरे, मग छानच की."

"छान कसलं रे." व्हर्लिनचा आवाज पडला. "मग तुझा तो सूर मला का धरता येत नाही? सोडणार आहे मी ऑर्केस्ट्रा. मैफल झाली की. तू वाईट वाटून घेऊ नको, सूर चांगलाच आहे. माणूसच कमी पडला."

ड्वेन "छे छे" म्हणाला, घरात आला, बूट न काढता तळघरात उतरला आणि तो सूर लावला. सुराबरोबर त्याने तोंडाने "ऊऽऽ" धरला. थोड्या वेळाने भिंती डोलू लागल्या. मग भट्टी आणि फ्रीझर यांनी जागा बदलली. तो फ्रीझरवर आपटून बसला, आणि ट्युबा तरीही शांतपणे वाजतच होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये कुत्रं अजून बाहेर होतं ना!

ड्वेन उठला. त्याने सिंफनी पहिल्यापासून लावली आणि प्रत्येक वाद्याबरोबर श्वास धरून पाहिला. बासऱ्यांनी पहिल्या पानावरच जीव सोडला असता. हॉर्नवाले दुसऱ्या पानावर. क्लॅरिनेटपर्यंत कोण जिवंत पोचणार? या अख्ख्या ताफ्यात कुणी कधी श्वासच घेतला नव्हता! आणि इतकी वर्षं, साइटवरच्या शेकडो लोकांपैकी, एकालाही ते खटकलं नव्हतं. त्याने बॉबला लिहिलं, "बॉब, वादकांच्या श्वासाचं तू काय करतोस?"

बॉबचं उत्तर तत्काळ आलं. "श्वास? ते वेगळं विकत घ्यावं लागतं का? कुणाचं चांगलं आहे?"

ड्वेन तसाच कॉर्लिसबाईंकडे गेला. "बाई, सिंफनी रद्द करा."

"अरे, असं कसं? कार्यक्रमपत्रिका छापून आली."

"लोक मरतील बाई!"

"नाही रे. थोडी चक्कर येते, एवढंच." बाई म्हणाल्या. "आम्ही समजलो, तू काहीतरी नवीन तंत्राचं केलंयस. सगळे म्हणाले, आपल्यालाच जमत नसेल. उगाच तुला कशाला वाईट वाटू द्यायचं."

घरी आला तर न्हाणीघराचं दार लावलेलं. आत तो सूर चढला आणि तुटला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा दार न वाजवता उघडलं. लिनेट टबच्या काठावर बसली होती, तोंड लालबुंद, मांडीवर क्लॅरिनेट. ते ती लोकरीत गुंडाळत होती.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "बाईंना सांगणार आहे, ही शेवटची मैफल. मला आता दम पुरत नाही ड्वेन. वय झालं."

"नाही गं—"

"ऐक. हा भाग जमला असता तर बरं वाटलं असतं. तू पहिल्यांदाच माझ्यासाठी काही केलंस आणि मलाच ते—"

"लिनेट, ते कुणालाच जमणार नाही!" तो ओरडला. हाउग्सरुडांच्या घरात कुणी ओरडलं नव्हतं. कुत्रं कोचाखाली गेलं. "त्यात श्वासच नाही! मी घातलाच नाही! मला माहीतच नव्हतं की लागतो! आणि व्हर्लिनचा तो सूर म्हणजे लोणच्याची बरणी आहे!"

त्याने सगळं सांगितलं. कुत्रं, दार, बरणी. लिनेट ऐकत होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग परत लाल झाला, आणि यावेळी क्लॅरिनेटमुळे नव्हे.

"बरणी," ती म्हणाली.

"हेरिंगची."

"मी रोज इथे बसून रडतेय, व्हर्लिन फुप्फुसांचे फोटो काढतोय, बासरीवाली शुद्ध हरपून पडली, आणि तू—अरे गाढवा! तुला मूर्ख म्हणू की खुनी म्हणू? शंभर माणसं घेऊन बसलास, आणि त्यातल्या एकालाही नाक आहे का बघितलं नाहीस?"

ती बराच वेळ बोलली. संसारातलं साठलेलं बरंच काही त्यात निघालं, मटारापासून त्याच्या आईपर्यंत. ड्वेन दारात उभा राहून ऐकत होता आणि त्याला कळत नव्हतं, आपल्याला एवढं हलकं का वाटतंय.

"मग 'वेगळंच आहे' का म्हणालीस?" त्याने शेवटी विचारलं. "हेच तेव्हा सांगायचंस."

"थोडंसंच ऐकलं होतं मी. मला गुदमरल्यासारखं झालं. का, ते कळलं नाही." तिने डोळे पुसले. "पेन्सिल आण."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले. लिनेट एकेक ओळ नुसत्या ओठांनी फुंके, हात वर करी, आणि ड्वेन तिथे खूण करी. एवढ्या वर्षांत त्याने तिला इतक्या जवळून श्वास घेताना पाहिलं नव्हतं. सूर सुरू व्हायच्या आधी ती नाकाने एवढासा श्वास घेई आणि भुवया उंचावी, जणू दारात कुणी आवडतं माणूस आलंय. तो बघतच राहिला.

"खूण कर," ती म्हणाली. "बघतोस काय?"

बरणीचा सूर त्यांनी ट्युबा आणि ट्रॉम्बोन यांच्यात वाटून दिला. एकाचा दम संपत आला की दुसऱ्याने उचलायचा. आठ हॉर्नांचं काम एका हॉर्नने आणि धार्मिक मेव्हण्याच्या कर्ण्याने उरकायचं ठरलं.

मैफलीला चर्चचं सभागृह भरलं, हॉटडिशमुळेही असेल. सगळं ठीक चाललं होतं. मग तो मोठा सूर आला. व्हर्लिनने तो छान धरला, दम संपत आला, त्याने ट्रॉम्बोनवाल्याकडे पाहून मान हलवली: घे. ट्रॉम्बोनवाल्याने, सज्जन माणूस, मान हलवून कळवलं: राहू दे, तुझा अजून चांगला चाललाय. व्हर्लिन थांबला: नाही नाही, तू घे. ट्रॉम्बोनवाला: छे, तूच. आणि सिंफनीच्या ऐन मध्यभागी, जिथे पृथ्वीच्या पोटातून हिमनदी सरकायची होती, तिथे ठार शांतता पसरली. ड्वेनला धरणीने पोटात घ्यावंसं वाटलं. पण त्या शांततेत अख्ख्या सभागृहाने मिळून एक मोठा श्वास घेतला. तो त्याला स्पष्ट ऐकू आला. आणि त्याच श्वासावर, ठरल्यापेक्षा आधी, लिनेटने क्लॅरिनेट उचललं.

लोक म्हणाले, "काही वाईट नव्हतं." या गावात याहून मोठी दाद नाही. एका म्हाताऱ्याने तर दोनदा म्हटलं.

पुढच्या शनिवारी ड्वेनने त्या मैफलीचं रेकॉर्डिंग साइटवर टाकलं. त्याने काही लिहिलं नाही. नुसतं 'नवीन आवृत्ती' म्हटलं. बॉबचं मत आलं.

"दादा, हे काय केलंस? मध्ये फाइल तुटली आहे, काही वाजतच नाही. हॉर्नच्या जागी कुठला तरी फुकटातला कर्णा घातला आहेस. आणि क्लॅरिनेट! दर ओळीच्या आधी सूं-सूं ऐकू येतं. एके ठिकाणी सूर कापतो. कुठल्या कंपनीचं आहे? माल सदोष आहे. परत कर, पैसे मिळतील."

खाली आणखी चौघांनी दुजोरा दिला होता. या खेपेला त्यांनी ऐकलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. ड्वेनने पडदा झाकायला हात पुढे केला, पण लिनेट त्याच्या खांद्यावरून वाचत होती. ती शेवटपर्यंत वाचून थांबली. भट्टी धडधडत होती. आता काय होतं ते ड्वेनला कळेना.

"लिही ना काहीतरी," ती म्हणाली.

त्याने दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं: "ती माझी बायको आहे. तिथे ती श्वास घेते." आणखी काही सौम्य, रीतीचं जोडावं का, असा त्याने विचार केला. काउंटीच्या खिडकीत तो सदैव जोडत आला होता. मग त्याने काही न जोडता बटण दाबलं, आणि आपण काय केलं या धसक्याने हात मागे घेतले.

"सूर कापतो ते खरंय," लिनेट म्हणाली. "तिसऱ्या पानावर मला अजून एक श्वास हवा."

"देतो."

"आणि ट्युबाच्या नंतरची ती शांतता काढू नको."

"ती चूक होती गं."

"असू दे." तिने फ्रीझरवरची खोकी बाजूला केली आणि वर चढून बसली. मटार काही काढले नाहीत. "पहिल्यापासून लाव."

त्याने लावलं. मग वळून तिला सांगायला लागला, की इथे मूळ बासऱ्या अशा नव्हत्या, आणि ढोल खरं तर—

"गप्प बस ड्वेन," ती म्हणाली. "ऐकू दे."